घराचा विमा काढायचा की नाही: आमच्या घरी ठरलं ते असं

आमच्या नागपूरला समुद्र नाही, दरडी कोसळत नाहीत, भूकंपाचीही फारशी भीती नाही. त्यामुळे घराच्या विम्याचा विषय निघाला की बाबांचं एकच म्हणणं असायचं, "काहून पैसे घालवतोस? घराला काय होणार आहे?" २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेपर्यंत मलाही ते पटत होतं.

त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. माझी मावसबहीण अंबाझरी लेआउटमध्ये तळमजल्यावर राहते. पाणी ओसरल्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा स्वयंपाकघरातला फ्रिज तरंगत येऊन हॉलमध्ये आडवा पडला होता. ताटाळ्यापासून मिक्सरच्या भांड्यापर्यंत सगळीकडे चिखल. ताईने घराच्या रजिस्ट्रीची ओली पानं एकेक सुटी करून दोरीवर चिमटे लावून वाळत घातली होती. पंचनामे झाले, सरकारने घरटी १० हजारांची मदत जाहीर केली. तेवढ्यात गाद्या आणि फ्रिजसुद्धा येत नाहीत. विमा तिच्याकडे नव्हता, त्या गल्लीत कोणाकडेच नव्हता.

आमचंही घर बैठं, आणि रस्ता दरवेळी नव्याने होताना उंच होत गेलेला. म्हणून मी चौकशीला लागलो.

पहिल्या एजंटने घराची किंमत विचारली आणि बाजारभावाप्रमाणे ६५ लाखांचा विमा सुचवला. इथेच थांबून नीट विचार करावा लागतो. ६५ लाखांत मोठा वाटा प्लॉटचा आहे, आणि जमीन काही वाहून जात नाही. विमा घर पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाचा काढायचा असतो. आमचं चटईक्षेत्र ९०० चौरस फूट, ओळखीच्या कंत्राटदाराने दर सांगितला चौरस फुटाला २,००० रुपये. म्हणजे १८ लाख. दुसऱ्या कंपनीकडून या रकमेवर आलेला वर्षाचा हप्ता दीड हजाराच्या आत होता. बाबांचा आवाज तिथेच जरा मऊ झाला.

विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आणली आहे. कंपनी कोणतीही असो, तिच्या मूळ अटी सारख्याच. मी ती शेवटपर्यंत वाचली, आणि माझं मन तिथेच वळलं. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं तिच्यात येतं. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. आमच्यासाठी ते ३ लाख ६० हजार. वस्तूंची यादी द्यावी लागत नाही. विम्याची रक्कम थोडी कमी धरली गेली, तरी त्या प्रमाणात क्लेम कापत नाहीत. घर राहण्याजोगं नसेल तेवढ्या काळात दुसरीकडे राहण्याचं भाडंही मिळतं. आईच्या गुडघ्यांचं दुखणं बघता मला ही सोय सगळ्यात मोलाची वाटली.

काय मिळत नाही, हेही तितकंच नीट बघा. भिंतीत मुरलेली ओल आणि जुनेपणाची झीज यांचे पैसे नाहीत. शॉर्ट सर्किटने खुद्द टीव्ही जळाला तर त्याचे मिळत नाहीत, पण त्याची आग पसरून बाकीचं घर जळालं तर मिळतात. दागिने वेगळे, जास्तीचा हप्ता भरून घ्यावे लागतात. आणि साधी घरफोडी यात येत नाही. पूर किंवा आगीसारख्या घटनेनंतर ७ दिवसांच्या आत चोरी झाली तरच ती धरतात. उन्हाळ्यात घराला कुलूप लावून आम्ही गावी जातो, म्हणून मी घरफोडीचा विमा वेगळा जोडला.

माझी मैत्रीण मनीषनगरात चौथ्या मजल्यावर राहते. तिने विचारलं, तेव्हा पुरासाठी घाई करू नकोस असंच मी सांगितलं. आगीचा विचार मात्र कर म्हटलं. नदी-नाल्याजवळ किंवा रस्त्याच्या पातळीखाली घर असणाऱ्याने तर पावसाळ्याची वाट बघू नये.

पॉलिसी हातात आल्यावर प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, व्हिडिओ काढला. बिलांचे फोटो आणि रजिस्ट्रीची स्कॅन प्रत पुण्याच्या बहिणीला पाठवून ठेवली. हप्त्याची तारीख आता बाबाच कॅलेंडरवर लिहून ठेवतात.