हिरव्या दगडाच्या देशातले सोने

मे महिन्यातल्या सोलापुरी उन्हात दुपारी बाहेर पडण्याची सोय नसते, म्हणून आज भाचीबरोबर 'ज्वेल क्वेस्ट' हा 2004 सालचा जुना संगणकीय खेळ मांडून बसलो. शेजारच्या दोन रत्नांची अदलाबदल करून एकसारखी तीन एका ओळीत आणली की ती नाहीशी होतात, त्यांच्याखालची घरे सोनेरी होतात आणि वेळ संपण्याआधी सगळा पट असा सोनेरी करायचा असतो. मधली घरे भराभर उजळतात. रडवतात ते कोपरे, कारण तिथे जुळणीला दोनच दिशा मोकळ्या असतात. भाची सारखी वरच्या ओळींत हात चालवत होती. तळाशी जुळणी केली तर वरचा सगळा डोलारा खाली सरकतो आणि पुढच्या जुळण्या कधी कधी आपोआप लागतात, हे तिला पटवायला मला आणखी एक कप कडक चहा लागला.

खेळाची पार्श्वभूमी मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया संस्कृतीची आहे, पण त्या लोकांना सोन्यापेक्षा हिरवा जेड दगड अधिक मोलाचा वाटे. इसवी सन 683 मध्ये मरण पावलेल्या पाकाल या माया राजाचे मेक्सिकोतल्या पालेंके येथील थडगे 1952 साली उघडले, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जेडच्या तुकड्यांचा मुखवटा सापडला. शून्याचे चिन्ह वापरणाऱ्या आणि ग्रहणांचे गणित मांडणाऱ्या या समाजाकडून खेळ रचणाऱ्यांनी कवट्या आणि जंगल तेवढे उचलावे, हे मला खटकते. भाचीला मात्र त्याचे काही सोयरसुतक नव्हते. मी मुखवट्याचे छायाचित्र शोधेपर्यंत तिने शेवटचा कोपरा सोनेरी करून पुढची पातळी उघडलीही होती.