सातच्या ठोक्याला अडकणारा टीव्ही

३१ मार्च २०१३ या तारखेनं पुण्यातल्या केबलवाल्यांची झोप उडवली होती. त्या दिवसापर्यंत जुनं अ‍ॅनालॉग केबल बंद करून घरोघरी डिजिटल सेट टॉप बॉक्स लावायचे होते. मुंबईत आदल्या वर्षी ३१ ऑक्टोबरलाच अ‍ॅनालॉग बंद झालं होतं. दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं होती आणि त्यात पुण्याचा नंबर लागला होता. मी तेव्हा पेठांमध्ये एका केबलचालकाकडे लाईनचं काम बघायचो. मार्चभर आम्ही डबे वाटत फिरत होतो. सेट टॉप बॉक्स असं लांबलचक कोणी म्हणत नव्हतं, जो तो ‘आमचा डबा कधी देणार’ एवढंच विचारायचा. अर्ज भरून घ्यायचा, ओळखपत्राची प्रत घ्यायची, डब्याचा आणि कार्डाचा नंबर लिहायचा, पिवळी-पांढरी-लाल पिन टीव्हीच्या मागे खोचायची, आणि आता एका टीव्हीला दोन रिमोट का लागतात ते घरातल्या ज्येष्ठांना समजावायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात जिकिरीचं.

सरकारनं २०११ मध्ये कायदा बदलला त्यामागचं कारण आम्हालाही कळत होतं. अ‍ॅनालॉगमध्ये खरी कनेक्शनं किती, हे केबलवाल्याच्या वहीलाच ठाऊक. डबा आला की प्रत्येक घर मोजलं जाणार. शिवाय तारेतल्या ज्या ८ मेगाहर्ट्झच्या जागेत एक वाहिनी जायची, तिथे आता दहा-बारा बसणार. पण हे सगळं ज्या तारांमधून घराघरांत जायचं, त्या वीस-वीस वर्षं उन्हापावसात लोंबत होत्या. त्यांची चौकशी कोणी केली नव्हती.

अ‍ॅनालॉगनं आमची बरीच पापं पोटात घातली होती. तार तुटली की दोन टोकं सोलून पीळ द्यायचा आणि वरून काळी टेप. नव्या गिऱ्हाईकाला जोडायचं तर शेजाऱ्याच्या स्प्लिटरला, म्हणजे एका तारेच्या दोन-चार वाटा करणाऱ्या डबीला, दुसरा स्प्लिटर. दोन तोंडांचा स्प्लिटर सिग्नलचे साडेतीन-चार डेसिबल खातो, चार तोंडांचा सात-आठ. असे तीन लागोपाठ लागले की शेवटच्या घरात काय उरणार? मुंग्या. पण मुंग्यांतूनही मालिका दिसायची, आवाज यायचा, आणि माणसं ‘जरा क्लिअर करा हो’ म्हणत महिन्याचे पैसे द्यायची. डिजिटलला हे मधलं काही माहीतच नाही. सिग्नल पुरेसा स्वच्छ असेल तोवर चित्र आरशासारखं. त्या रेषेच्या किंचित खाली गेला की आधी चौकोन पडतात, मग चित्र थिजतं, मग काळा पडदा. त्यामुळे काल कसंबसं चालणारं घर आज ठार बंद. आणि लोकांच्या मते बिघडलेला असायचा तो डबाच.

नारायण पेठेतल्या एका चार मजली सोसायटीतून एप्रिलच्या सुरुवातीला अशाच तक्रारी यायला लागल्या. आयपीएल नुकतंच सुरू झालं होतं, त्यामुळे तक्रारींना धार होती. तक्रार सगळ्यांची एकच: टीव्ही अडकतो. फक्त मागच्या जिन्याच्या आठ घरांचा. पुढच्या जिन्याची घरं मजेत. आमच्या पोरांनी जाऊन तिथले काही डबे बदलले होते, वहीत ‘बॉक्स फॉल्टी’ लिहिलं होतं. नवे डबेही अडकायचे. मी सकाळी अकराला सिग्नल मोजायचा मीटर घेऊन गेलो. चौथ्या मजल्यावर सिग्नलची स्वच्छता ३३ डेसिबल. इतका चांगला आकडा आमच्या ऑफिसच्या टीव्हीलाही मिळत नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, “तुम्ही आलात की बरा शहाण्यासारखा चालतो. संध्याकाळी या आणि बघा.”

हे वाक्य लाईनमननं हजारदा ऐकलेलं असतं आणि बहुतेकदा ते खरं असतं.

संध्याकाळी पावणेसातलाच जाऊन बसलो, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांकडे. एकटेच राहायचे. त्यांना सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या लागायच्या आणि त्याच नेमक्या जात होत्या. मी मीटर तारेला लावून जमिनीवर ठेवला. सात वाजून गेले, मथळे सुरू झाले, आणि निवेदिकेचा अर्धा चेहरा डावीकडे सरकून तिथेच राहिला. मीटरवर ३३ चे २४ झाले, मग आकडाच जाऊन रेघा उरल्या. त्याच वेळी खालून घरघर ऐकू आली.

“मोटर लावली,” आजोबा म्हणाले. मग अगदी सहज पुढे म्हणाले, “पूर्वी आम्हाला मोटर ऐकावी लागायची नाही. टीव्हीवरच कळायचं.”

“म्हणजे?”

“तो पट्टा यायचा ना. आडवा, जाडसर. खालून वर हळूहळू चढायचा. पट्टा दिसला की टाकीत पाणी चढतंय. मी पिंप भरायला उठायचो. तुमच्या डब्यात तो पट्टा येत नाही.”

मला तिथेच हसू फुटलं. चित्रावरून आडवा पट्टा सरकतो याचा अर्थ आमच्या धंद्यात एकच: विजेची घुरघुर सिग्नलमध्ये मिसळते आहे. म्हणजे सिग्नलचा जोर वाढवणाऱ्या यंत्राला, अ‍ॅम्प्लिफायरला, वीज नीट मिळत नाही. इतकी वर्षं या जिन्यावरचा प्रत्येक टीव्ही रोज संध्याकाळी हीच तक्रार स्वतः करत होता, आणि लोक ती पाण्याची वेळ म्हणून वापरत होते.

गच्चीच्या दाराशी गेलो. तिथे अजून जुन्या अँटेनाचा खांब उभा होता, वरचे दांडे वाकलेले, पण तोंड सिंहगडाकडेच. १९७३ मध्ये सिंहगडावरून मुंबई दूरदर्शन पुण्यात दिसायला लागलं, त्या काळाची ती खूण. खांबाशेजारी भिंतीवर आमचा अ‍ॅम्प्लिफायर, आणि त्याची पिन एका उघड्या बोर्डात. बोर्डाची तार जिन्यातून खाली गेली होती. ती धरत धरत मी तळाशी विजेच्या मीटरच्या खोलीत पोचलो. तार थेट पाण्याच्या मोटरच्या स्विचमधून घेतलेली. कोणी कधी जोडली देव जाणे. न्यूट्रलचा, म्हणजे विजेच्या परतीच्या तारेचा, स्क्रू काळा पडलेला, हात लावला तर गरम. मोटर बंद असताना गच्चीवरच्या बोर्डात २२८ व्होल्ट, चालू असताना १७० च्या आसपास.

अ‍ॅम्प्लिफायर उघडला. आतला मोठा कपॅसिटर, म्हणजे विजेतले चढउतार सपाट करणारा भाग, वरून फुगलेला, बुडाशी तपकिरी चिकटा. धडधाकट कपॅसिटर असता तर कदाचित थोडं सावरून घेतलं असतं. सैल न्यूट्रल आणि फुगलेला कपॅसिटर, या दोघांनी मिळून रोज अर्धा-पाऊण तास, टाकी भरेपर्यंत, आठ घरांचा टीव्ही पाडला होता.

दुरुस्ती फार नव्हती. अ‍ॅम्प्लिफायर बदलला आणि वाटेतले पीळ दिलेले दोन जोड कापून नीट कनेक्टर लावले. प्रश्न उरला विजेचा. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, मोटरच्या लाईनला हात लावायचा तर कमिटीची सभा घ्यावी लागेल, आणि यंत्र केबलवाल्याचं असताना त्याची वीज सोसायटीनं का द्यावी? आमचे मालक म्हणाले, टीव्ही तुम्ही बघणार, वीज तुम्ही द्यायची, सगळीकडे अशीच पद्धत आहे. दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे मिटण्याची चिन्हं नव्हती. गरम स्क्रूची गोष्ट मी सेक्रेटरींना तीनदा सांगितली, तेव्हा कुठे त्यांनी वायरमनला फोन लावला.

शेवटी आजोबाच म्हणाले, माझ्या विजेच्या मीटरवरून घ्या. तार त्यांच्या खिडकीतून गच्चीवर नेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोटर चालू असताना सिग्नलच्या मीटरवर ३३ टिकून राहिले आणि बातम्या शेवटपर्यंत लागल्या. मी सामान आवरत होतो तेव्हा ते चष्मा लावून कागद घेऊन आले.

“तुमच्या यंत्राच्या पाठीवर १० वॉट लिहिलंय. चोवीस तास चालणार. महिन्याला ७ युनिटं होतात, वर थोडी. ती बिलातून वजा करायची.”

मालकांना फोन लावला. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही, मग ‘बरं, करा’ म्हणाले. आजोबांनी तोंडी शब्दावर भागवलं नाही; पावतीपुस्तक मागून त्याच्या मागच्या बाजूला ते माझ्याकडून लिहून घेतलं, सहीसकट.