आमची वाटचाल : वस्तरे आणि आम्ही

आमचं दुकान मुळात धारवाल्याचं. वडील कात्र्या, सुऱ्या, अडकित्ते आणि सलूनवाल्यांचे वस्तरे पाजळायचे. पुढे एड्सच्या धास्तीने सलूनमध्ये अर्धं ब्लेड आलं, दर गिऱ्हाइकाला नवं, आणि वस्तऱ्याचं काम बघता बघता आटलं. धंद्याला फटका बसला, पण झालं ते बरंच झालं. एक वस्तरा दहा गालांवरून फिरू नये.

वस्तरे परत आले ते वेगळ्याच हातांतून. कुणाला आजोबांच्या पेटीत सापडलेला, कुणी पुण्याच्या जुन्या बाजारातून उचललेला. बहुतेक इंग्लंडमधल्या शेफील्डचे नाहीतर जर्मनीतल्या झोलिंगेनचे. घरी स्वतःची दाढी उघड्या वस्तऱ्याने करणाऱ्या हौशी मंडळींमुळे हे काम पुन्हा उभं राहिलं.

वस्तरा आला की आधी शिक्का बघतो. मुकुटाशेजारी व्हिक्टोरिया राणीची व्ही. आर. अक्षरं असली, तर तो १८३७ च्या आधीचा नाही एवढं नक्की. मग भिंगाखाली धार. केसाएवढा तडा दिसला, किंवा गंज धारेपर्यंत खोल गेला असेल, तर वस्तरा तसाच परत. सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची, मूठ फसवी असते. ती कुजायला लागली की आम्लाची वाफ सोडते आणि घडी करून ठेवलेलं पातं आतल्या आत खाते. ती काढून आम्ही म्हशीच्या शिंगाची किंवा शिसवी मूठ बसवतो. हस्तिदंती मुठीचं काम घेत नाही. कायद्याचा मामला आहे.

वस्तऱ्याला यंत्राचं चाक लावायचं नाही, हा दुकानातला नियम. पातं इतकं पातळ, की क्षणात तापून निळं पडतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. सगळं हातानेच, सहाणेवर. पाठ, म्हणजे पात्याची जाड कड, आणि धार दोन्ही टेकवून घासायचं, म्हणजे कोन पाठीच्या जाडीनेच ठरतो, साधारण १६-१७ अंश. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी. १००० नंबरच्या दगडावर धार बसते, मग अधिकाधिक बारीक दगड घेत १२००० पर्यंत. शेवटी चामोटी, म्हणजे धार परजायची चामड्याची पट्टी, आणि तिथे पाठ पुढे ठेवून ओढायचं, नाहीतर चामडंच कापलं जातं. चामोट्यांसाठी चामडं कोल्हापूरहून आणतो, चपलांना वापरतात तेच, झाडाच्या सालीत कमावलेलं.

कुरिअरने येणाऱ्या वस्तऱ्यांसोबत हमखास चिठ्ठी असते, ‘चकाचक करून द्या.’ करत नाही. आरशासारखं पॉलिश करायचं म्हणजे शिक्का आणि कोरीव अक्षरं घासून टाकायची. लाल गंज काढतो, काळे डाग राहू देतो. यावरून काही गिऱ्हाइकं तुटलीही.

मुठीच्या पितळी खिळ्या आता माझी मुलगी ठोकते. जास्त ठोकलं तर पातं हलत नाही, कमी पडलं तर मिटताना धार मुठीला लागते. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, म्हणून त्या कामाची मजुरी तिची तीच ठरवते.