माथेरानला व्हीलचेअर घेऊन जाताय? मग हे आधी वाचा

ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, माथेरान सपाट आहे हो, गाड्या नाहीत, काकांना खुर्चीत बसवा आणि ढकलत न्या. सांगणारे सगळे धडधाकट. त्यांच्यापैकी कुणी तिथे बाळाची बाबागाडीसुद्धा ढकललेली नसणार हे वर गेल्यावर लगेच कळलं. बाबांचा डावा पाय स्ट्रोकनंतर साथ देत नाही, काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, बाहेर पडायचं तर व्हीलचेअर. आणि त्यांना बागबिग नको होती, जंगल हवं होतं. म्हणून दिवाळीनंतर मी, धाकटा भाऊ आणि बाबा निघालो.

नेरळपर्यंत लोकल, पुढे टॅक्सी, खुर्ची डिकीत, काही त्रास नाही. त्रास दस्तुरी नाक्यावर सुरू होतो, म्हणजे जिथून पुढे गाड्या जात नाहीत तिथे. गाडीचं दार उघडायच्या आत लोकांनी घेरलं. शटल (अमन लॉज ते माथेरान धावणारी छोटी रेल्वे) बंद आहे, ई-रिक्षा आज नाहीत, खुर्ची आत अलाउड नाही, घोडा करा, काका आरामात बसतील. तिन्ही गोष्टी साफ खोट्या, आणि अर्धं अंग लुळं असलेल्या माणसाला घोड्यावर बसवायची तयारी! २०२५ च्या मार्चमध्ये खुद्द माथेरानकरांनीच पर्यटकांच्या या दिशाभुलीविरुद्ध बंद पुकारला होता, म्हणजे गावालाही सगळं ठाऊक आहे. तुम्ही कुणाला उत्तर देऊ नका, प्रवेशाचा कर भरा आणि सरळ अमन लॉज स्टेशनकडे वळा, ते जवळच आहे. शटलचं तिकीट तिथल्याच खिडकीवर घ्यायचं.

शटलसाठी खुर्ची फोल्डिंगचीच हवी. दोन फुटी रुळांवरची गाडी, दार चिंचोळं, आत खुर्ची वळत नाही. माणसाला काखेत धरून चढवायला लागतं, त्यामुळे दोन धट्टीकट्टी माणसं सोबत नसतील तर बेत रद्द करा, मी हे गंमत म्हणून सांगत नाहीये. पावसाळ्यात नेरळहून येणारी गाडी बंद असते पण ही शटल चालू असते, तरी पावसाळ्यात जाऊ नका, का ते पुढे येईल.

आता तो रस्ता. बाजारात पेव्हर ब्लॉक आहेत, फटींमध्ये पुढची छोटी चाकं अडकतात पण जमतं. पेव्हर संपले आणि शार्लट लेककडे निघालो की खरं माथेरान सुरू. लाल माती, तिच्यावर सुटी जांभ्याची खडी, मध्येच उघडी पडलेली मुळं, पाणी जायला काढलेल्या आडव्या चाऱ्या आणि सगळीकडे घोड्यांची लीद. पायी जाणाऱ्याला उतार जाणवतही नाही, पण ढकलणाऱ्याच्या खांद्याला पहिल्या पाच मिनिटांत जाणवतो. रॅम्पचा नियम १:१२ चा असतो, इथे काही वळणांवर त्याहून तीव्र चढ आहे असं मला माझ्या पाठीच्या भरवशावर वाटतं. चारीशी आलो की पुढची चाकं रुतून खुर्ची पुढे कलंडायची. एकदा बाबा जवळजवळ बाहेरच आले, बेल्ट होता म्हणून वाचले. मग भावाने खुर्ची उलटी फिरवली आणि मागची मोठी चाकं पुढे करून ओढत नेली, त्याने बरंच सोपं झालं. चारी आणि खडी उलटंच पार करा. उतारावर पण उलटेच उतरा, म्हणजे बसलेला माणूस चढाकडे तोंड करून राहतो आणि घसरत नाही.

सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हरला परवानगी दिली, आतल्या रस्त्यांना नाही. जंगलाच्या दृष्टीने बरोबरच आहे, मला आत सिमेंट नकोच आहे. पण मग चारीवर एक लाकडी फळी तरी टाका की, तेवढ्याने कुठलं जंगल बुडणार आहे? त्याच निकालात हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणायला सांगितलंय. तेही योग्य, एक ओढतो आणि दोघं मागून ढकलतात हे बघवत नाही. तरी अर्ध्या वाटेत आमचे हात गेल्यावर आम्ही हातरिक्षावाल्याला विचारलं, तर बोर्डावरच्या दराच्या दुपटीहून जास्त सांगितले, कारण काय तर "पेशंट आहे ना". चालून दाखवत नाही म्हणून डबल! आम्ही नाही घेतली. दस्तुरीच्या दरफलकाचा फोटो काढून ठेवा आणि समोर धरा, आवाज लगेच खाली येतो.

लेकपर्यंत पोचलो. बाबा खुश, बांधाजवळ सावलीत बराच वेळ बसले, वर फांदीवर शेकरू दिसली. पिसरनाथाच्या देवळाकडे खाली उतरावं लागतं, तो नाद सोडा, लांबूनच नमस्कार करा. इको पॉइंट जवळ आहे म्हणून लोक पुढे ढकलतील, तोही सोडा. दुसऱ्या दिवशी बाजारात आणि हॉटेलच्या अंगणात वेळ छान गेला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

माझं मत विचाराल तर साध्या हॉस्पिटलटाइप खुर्चीवर हा रस्ता अजिबात नको. हवा भरायचे टायर आणि पुढची चाकं जरा मोठी असलेली खुर्ची भाड्याने घ्या, सोबत पंप आणि छातीचा बेल्ट. हँडलला पिशवी लटकवू नका, माकडं ती खुर्चीसकट ओढतात. हॉटेलला फोनवर "पायऱ्या किती" असं विचारा, "व्हीलचेअर चालेल का" विचारलंत तर सगळीकडून हो येतं, आणि टॉयलेटच्या दाराची रुंदी इंचात मागा, फोटोसकट. पावसाळ्यात लाल मातीचा चिखल आणि जांभ्यावर शेवाळ, ढकलणाराच आधी पडेल. शनिवार-रविवारी घोड्यांची गर्दी एवढी असते की खुर्ची बाजूला घ्यायला जागा मिळत नाही, तेव्हा मधल्या वारी जा आणि सकाळी लवकर निघा. परतीला ई-रिक्षा मिळाली, खुर्ची मांडीवर घेऊन बसलो, ड्रायव्हरने बाबांना चढवायला स्वतः उतरून हात दिला आणि बोर्डावर होते तेवढेच पैसे घेतले.