सिंगापूर ते न्यूयॉर्क : अंतर पृथ्वीचे, वेळ वाऱ्याची

सिंगापूर आणि न्यूयॉर्क यांच्यातील हवाई अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर आहे. पृथ्वीवरील कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून साधारण २०,००० किलोमीटरपेक्षा दूर असूच शकत नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोठेपण कळते. निघण्यापूर्वी मी हे अंतर कागदावर काढून पाहिले होते. सिंगापूर १०४ अंश पूर्व रेखांशावर आणि न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम रेखांशावर असल्यामुळे ही शहरे जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर येतात, आणि त्यांना जोडणारा सर्वांत जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाच्या लगतून जातो. सिंगापूरपासून ध्रुवापर्यंत सुमारे ८९ अंश, तेथून न्यूयॉर्कपर्यंत सुमारे ४९ अंश आणि दर अंशाला १११ किलोमीटर, असा तो सरळ हिशेब आहे.

प्रत्यक्षात आमचे विमान ध्रुवाकडे फिरकलेच नाही. मध्यरात्रीच्या सुमारास चांगी विमानतळ सोडल्यावर ते ईशान्येकडे निघाले आणि जपान मागे टाकून प्रशांत महासागरावर आले, तेव्हा समोरच्या पडद्यावर वेगाचा आकडा ताशी १,१०० किलोमीटरच्या पुढे सरकला होता. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो. वरची भर जेट प्रवाहाची, म्हणजे सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याची होती. हा वारा पाठीशी मिळावा म्हणून वैमानिक हजारभर किलोमीटरचा वळसाही पत्करतात, कारण त्यात वेळ आणि इंधन दोन्ही वाचू शकतात. म्हणूनच दोन शहरांमधील अंतराला सरासरी वेगाने भागून काढलेल्या प्रवासाच्या वेळेवर मी आता विश्वास ठेवत नाही.

या मार्गावरची थेट सेवा २००४ साली चार इंजिनांच्या एअरबस ए३४०-५०० विमानांनी सुरू झाली, इंधनाचा खर्च पेलला नाही म्हणून २०१३ मध्ये थांबली आणि २०१८ मध्ये दोन इंजिनांच्या ए३५०-९०० यूएलआर विमानांनी पुन्हा उभी राहिली. या विमानाच्या टाक्यांत सुमारे १,६५,००० लिटर इंधन मावते, आणि वजन आवरण्यासाठी आसने केवळ १६१ ठेवलेली आहेत.

साडेअठरा तासांच्या आसपासच्या या प्रवासात मला सर्वांत विलक्षण वाटली ती तारीख. महासागरावर उजाडले तो मंगळवार होता; आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताच भर दिवसा सोमवार झाला, अमेरिकेच्या किनाऱ्याकडे जाताना त्याच सोमवारची संध्याकाळ दिसली आणि न्यूयॉर्कमध्ये उतरलो तेव्हा मंगळवारची पहाट पुन्हा समोर होती. घड्याळातील फरक बारा-तेरा तासांचा, म्हणजे जवळजवळ दिवसाची रात्र करणारा असल्यामुळे शरीराला जुळवून घ्यायला बराच वेळ लागला.

परतीचे विमान मात्र प्रशांत महासागराकडे गेलेच नाही. तेही पूर्वेकडेच, अटलांटिक ओलांडून वाऱ्याच्या साथीने आले, त्यामुळे जाऊन-येऊन पृथ्वीला एक पूर्ण फेरी झाली आणि तेवढ्याच कालावधीत सिंगापूरला राहिलेल्या माणसापेक्षा माझ्या वाट्याला एक सूर्योदय अधिक आला.