एक्स-रेवरील हाडाची झीज आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे मोजमाप

दातांच्या एक्स-रेवरून दातांना धरून ठेवणाऱ्या जबड्याच्या हाडाची झीज ठरवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर होऊ लागला आहे, याचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र ती रोगाचे निदान करते असे म्हणण्यापेक्षा मोजमाप करते असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

निरोगी तोंडात, इनॅमल (दाताचे बाहेरचे कठीण आवरण) जिथे संपते तिथून मुळाच्या दिशेने साधारण १ ते २ मिलिमीटरवर हाडाची कड असते. हिरड्यांच्या पेरिओडोन्टायटिस या आजारात ती मुळाच्या टोकाकडे सरकत जाते. संगणक इनॅमलची सीमा, हाडाची कड आणि मुळाचे टोक हे तीन बिंदू शोधतो आणि मुळाच्या लांबीच्या किती टक्के हाड गेले आहे ते काढतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार, केवळ हाडाचा विचार केला तर, १५ टक्क्यांहून कमी झीज पहिल्या टप्प्यात, १५ ते ३३ टक्के दुसऱ्या टप्प्यात आणि त्यापुढची तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात मोडते. हीच टक्केवारी वयाने भागली की रोगाच्या वेगाचा अंदाज येतो. ३० टक्के झीज साठाव्या वर्षी असेल तर भागाकार ०.५ येतो आणि वेग मध्यम ठरतो. तीच झीज पंचविसाव्या वर्षी असेल तर तो १.२ येतो, म्हणजे रुग्ण सर्वांत वेगवान गटात जातो. नुसत्या नजरेने १३ आणि १७ टक्क्यांतला फरक सांगणे अनुभवी दंतवैद्यालाही अवघड असते, आणि दोन तज्ज्ञांचे त्यावर एकमत होईलच असे नाही. शिवाय संगणकाला शिकवणाऱ्या खुणा तज्ज्ञांनीच आखलेल्या असल्यामुळे त्यांच्यातले मतभेदही त्याच्याकडे जातात.

एक्स-रेच्या मर्यादा तर कायमच राहतात. गालाकडचे आणि जिभेकडचे हाड दाताच्या सावलीत लपते, आणि किरणांचा कोन चुकला की हाडाची कड जागेवरून हललेली दिसते; अशा वेळी संगणक चुकीचे अंतरही तितक्याच ठामपणे सांगतो. एक्स-रेवर दिसते ती आजवर झालेली हानी. आज हिरडीत दाह आहे की नाही, हे प्रोबने (खुणा असलेल्या बारीक सळईने) पॉकेटची, म्हणजे दात आणि हिरडी यांमधल्या फटीची, खोली मोजून आणि रक्त येते का ते पाहूनच ठरवावे लागते.

म्हणूनच संगणकाने नुसता आकडा देऊ नये, तर तिन्ही बिंदू चित्रावर दाखवावेत, ते हाताने सरकवण्याची सोय द्यावी आणि जिथे कड अस्पष्ट आहे तिथे तसे स्पष्ट नोंदवावे, अशी माझी अपेक्षा आहे.