पाण्यातली फुगडी

मागच्या आठवड्यातली गोष्ट आहे, डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहून टाकते.

मी बडोद्यात एका स्विमिंग पूलवर इन्स्ट्रक्टर आहे. उन्हाळ्यात सकाळची पहिली बॅच सिनियर लेडीजची, सगळ्या साठीच्या पुढच्या. मे महिन्यात इथे पारा 42-43 ला जातो, कमाटीबागेत फिरायला जाणारे पण ऊन चढलं की घरी पळतात आणि मग दिवसभर पंख्याखाली टीव्ही. आमच्याकडे येतात त्या पोहायला येतात असं लोकांना वाटतं, पण निम्म्यांना पोहता येत नाही आणि शिकायचंही नसतं. त्या पाण्यात चालतात. छातीइतक्या पाण्यात आधी सरळ, मग आडवं, मग उलटं, नंतर बॉल पास करायचा आणि जिच्याकडे बॉल थांबला तिने गाणं म्हणायचं. सुटल्यावर सेवउसळ खायला जातात, डायबिटीस असलेल्या सगळ्यात पुढे, मी बघून न बघितल्यासारखं करते.

माझं खरं काम बॅचच्या आधी असतं. कडक उन्हात पाण्यातलं क्लोरीन काही तासांत उडून जातं, म्हणून डोस ऊन उतरल्यावर टाकायचा आणि सकाळी टेस्ट ट्यूबमध्ये थेंब टाकून किती पिवळं होतंय ते बघायचं. आमचा पंपवाला ट्यूब हातात न घेताच रजिस्टर भरतो, त्यामुळे मी स्वतः बघते. दुसरी कटकट कपड्यांची. नायलॉनच पाहिजे हे शंभरदा सांगून कोणीतरी कॉटनचा कुर्ता घालून येतंच, त्याचे धागे फिल्टरमध्ये अडकतात आणि बोलणी मला बसतात.

तर या बॅचमध्ये एक काकू आहेत, दांडिया बाजारकडच्या, सत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलंय, त्या नाही म्हणतात. गेटपासून पूलपर्यंत काठी टेकत येताना मधे दोनदा थांबतात. पाण्यात उतरल्या की काठी वर, आणि बाई चालायला लागते. यात जादू काही नाही, कमरेपर्यंत पाण्यात अंगाचं वजन निम्मं लागतं, छातीपर्यंत गेलात की साधारण तिसरा-चौथा हिस्सा, गळ्यापर्यंत तर दहावा हिस्सा. गुडघ्याला कळतच नाही की वर कोणी आहे.

त्या दिवशी बॉल फुटला. नवीन मागितलेला कधीच येत नाही, तो वेगळा विषय. मी म्हटलं चला, नुसतंच चालू या, तर काकूंनी शेजारच्या गुजराती बेनचे दोन्ही हात धरले, पावलाला पाऊल भिडवलं आणि म्हणाल्या, "माग वाका हं, सोडायचं नाही." फुगडी! छातीभर पाण्यात! जमिनीवर कशी झरझर फिरते, इथे पाणी अडवतं ना, त्यामुळे अगदी सावकाश, पाय सुटून वर तरंगायला लागतात, मग दोघी हसतात की परत पाय खाली टेकवायचे. बेन ओरडतायत, "अरे, आ तो गरबो ज छे!" आणि काकू, "छे छे, ही फुगडी आहे, गरब्यात हात कुठे धरता तुम्ही." बघता बघता चार जोड्या झाल्या. मी कडेने फिरत होते, एकेकीच्या तोंडाकडे बघत. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या बायका गोल फिरतायत म्हटल्यावर मला हसायला सुद्धा फुरसत नव्हती, पण थांबवावंसंही वाटलं नाही. काकूंनी शेवटची फुगडी कधी घातली होती विचारलं तर म्हणाल्या, "धाकट्याच्या मुंजीच्या आधी कधीतरी." धाकटा आता रिटायरमेंटला आलाय.

शिट्टी झाली. पुढची बॅच लहान मुलांची, ती काठावर उड्या मारत उभी. सगळ्या निघाल्या, काकू नाहीत. "अजून पाच मिनटं." दिली. परत पाच. क्लार्क वरून हात करतोय. मी जवळ गेले तर हळूच म्हणाल्या, "वर गेले की परत तेच की गं."

आता हे बाहेरच्यांना कळत नाही, पण म्हाताऱ्या माणसाला पाण्यात जितका धोका नाही तितका बाहेर येताना असतो. पाण्याच्या दाबाने पायातलं रक्त वर सरकलेलं असतं, बाहेर आलं की ते खाली उतरतं आणि चक्कर येते. शिवाय पाण्यात घाम आलेला कळत नाही, तहान लागत नाही, म्हणून मी आधी सगळ्यांना ग्लासभर ताक प्यायला लावते. आणि हे सगळं ज्या शिडीवर होतं ती आमची शिडी! उभी, स्टीलची, पायरी टाचेएवढी पण रुंद नाही. एवढा पूल बांधला, टाइल्स इम्पोर्टेड लावल्या, आणि चार रुंद पायऱ्या आणि एक दांडी कुणाला सुचली नाही. ज्याने नकाशा काढला त्याची आई कधी पाण्यात उतरली नसणार. मी खाली उभी राहून मांडी पुढे करते, काकू त्यावर पाय देतात, मग पहिली पायरी, मग थांबायचं, श्वास, मग दुसरी. प्रत्येक पायरीला त्यांचं वजन परत येताना मला खांद्यावर जाणवतं. वर आल्यावर खुर्ची, पाणी, आणि पाच मिनिटं बोलायचं नाही.

दोन दिवसांनी मुलगा आला. भांडायला नाही, सरळ माणूस. "मॅडम, आई घरी काठी घ्यायला तयार नाही. म्हणते तिकडे लागत नाही तर इथे कशाला. भिंत धरून चालते. आणि चिडचिड किती." तो काही चूक बोलत नव्हता. पाण्यातल्या व्यायामाने दुखणं थोडं कमी होतं, पण गुडघा नवा होत नाही, आणि हाडांना जमिनीवरचं वजनही लागतंच. हे मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो गं, कळतं मला," आणि विचारलं, उद्या फुगडी आहे ना.

मी मुलाला म्हटलं बंद करू नका, घरी काठी घेतली तरच पाण्यात, अशी अट घाला. अट बरोबर की लाच, मला अजून ठरवता येत नाहीये. काठी घेतायत सध्या, तोंड फुगवून.

तेवढ्यात नोटीस लागली, 'पाण्यात नाच व खेळ करू नयेत'. कोणीतरी लॅप मारणाऱ्याने तक्रार केली, त्याची लेन पलीकडे असून. मी ऑफिसात जाऊन सांगितलं की हा व्यायामच आहे, रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं, आणि पायऱ्यांचा अर्ज पण पुन्हा एकदा दिला. साहेब म्हणाले, असं कुठे असतं का, दाखवा. तर तुमच्या गावच्या पूलमध्ये रुंद पायऱ्या, दांडी, उतार, काहीही असेल तर फोटो काढून पाठवा, दांडी नीट दिसेल असा.